एकशेबारा नंबरची विहीर

आठवड्यातून दोनदा मी विहिरींना विचारते.
विहिरी म्हणजे काय, तर मनगटाएवढ्या लोखंडी नळ्या
शेताच्या कडेला रोवलेल्या,
झाकणावर गंज आणि कुणीतरी खडूने लिहिलेला आकडा.
टेपच्या टोकाला पितळी पेला, बुडाशी पोकळ.
सोडत जायचं.
पाण्याला टेकला की आतून आवाज येतो, टप्प,
म्हाताऱ्या माणसाने मिटलेले ओठ उघडावेत तसा.
तेवढंच ऐकायचा मला पगार आहे.

दोन मीटरच्या खाली बोलली तर बरं.
आज एकशेबारा एक मीटर दहावर बोलली.

इतकं जवळ आलं पाणी
की माती त्याला वातीसारखी वर ओढते.
पाणी उन्हात निघून जातं,
सोबत आणलेलं मीठ इथेच टाकून.
फेब्रुवारी आहे, चिम्बायपासून पुढची सगळी शेतं पांढरी.
बर्फ पडलेला नाही.

पलवानियाज, आमचा पाटकरी, वही काखेत मारून उभा.
कापसाआधी शेत तीनदा धुवायचं, हा त्याच्या बापाचा हिशेब:
वाफे बांधा, आमूचं पाणी कोंडा,
मीठ विरघळून खाली जाऊ द्या, मग पुन्हा.
दोनदा झालं. तिसऱ्यासाठी दरवाजा उघडायला आलाय.
मी म्हटलं, खाली जागा कुठाय?
पाण्याने आणलेलं पाण्यानेच धुवायचं,
तर धुवण जायला मोरी नको?
तो म्हणाला, आहे की चर, तीन मीटर खोल,
माझ्या डोळ्यांदेखत खणलाय.
मग कुठेतरी पाणी मुरतंय, मी म्हटलं.
तो हसला.
मी नाही हसले.

चराच्या काठाने चालत गेलो, लव्हाळ्यांतून.
सातव्या किलोमीटरला बांध.
मातीची पोती, त्यांना टेकण एका ट्रकचं दार,
आणि सांधे असे लिंपलेले
की करणारा कोण ते मला विचारावं लागलं नाही.
येशमुरात. माझ्या बहिणीचा नवरा.

तो म्हणाला, कालवा माझ्या शेतापर्यंत येतो
तो फक्त नकाशावर.
हे पाणी कडू आहे, ठाऊक आहे. ज्वारीला चालतं.
मेंढ्या पितात, तोंड वाकडं करून.
तुमचं उष्टं पितो मी,
त्याचीही चोरी?

बहिणीने चहा आणला, दुधाचा.
आमच्या आईकडे चहात चिमूटभर मीठ घालायचे.
हिने लग्न झाल्यापासून घातलेलं नाही.
हापशाचंच पाणी पुरतं.
मी प्यायले.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कुणाच्या, ते सांगत नाहीत.

वहीत लिहिलं: ११२, एक मीटर दहा.
अडथळा, सातवा किलोमीटर.
नाव लिहिलं नाही. नावाचा रकानाच नव्हता,
असं मी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सरकारी एक्स्कॅव्हेटर आला.
पोती फुटली. पाणी आधी बिचकलं,
मग गढूळ, फेसाळ, घाईघाईने निघालं
वाळवंटातल्या खळग्याकडे,
जिथे कुणाचं शेत नाही.
येशमुरात काठावर उकिडवा बसला होता.
त्याने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.
तो ट्रकचं दार परत मागायला आला होता.

आता एकशेबारा एक मीटर अठ्ठेचाळीसवर बोलते.
टेप जास्त सोडावी लागते,
आवाज जरा उशिरा येतो, जरा शहाणा होऊन.
पलवानियाजने तिसरं पाणी सोडलं;
वाफ्यावाफ्यात आभाळाचे चौकोन.

येशमुरातच्या बाजूला नळी नाही.
तिकडचं मोजत नाही कुणी.

काल बहिणीचा फोन आला.
हापसा कोरडा पडलाय, टँकर येतो, पैसे देऊन, पाणी गोड आहे.
चहा अगदी अळणी लागतो म्हणाली.
मग जरा थांबून,
आई केवढी चिमूट घ्यायची गं,
तुला आठवतं?